त्यांनी खाल्लं तर आपलं काय जातं? एका पेन्शनरचा हिशेब

जळगावात आमच्या कॉलनीतली पाच-सहा निवृत्त मंडळी सकाळी फिरून आली की मारुतीच्या पारावर टेकतात. पेपर एकच असतो. त्याची पानं सुटी करून वाटून घेतो आणि मग अदलाबदल. परवा पहिल्या पानावर कुठल्याशा कामातल्या टक्केवारीची बातमी होती. नाना मूळचे अमळनेरकडचे. त्यांनी ते पान माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "त्यासनी खादं त आपलं काय जास? आपला खिसामाईन थोडंच काढं?"

सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. मी पंचवीस वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरीपट आणि पगाराचे तक्ते केले आहेत. समोर आकडा आला की तो कुठून आला हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून हा हिशेब. नानांसाठी, आणि टीव्हीवर कोटींचे आकडे ऐकून "एवढी शून्यं कशाला मोजायची" म्हणत चॅनेल बदलणाऱ्या सगळ्यांसाठी.

आधी माझी वही

माझं पेन्शन 'ईपीएस-९५'चं. म्हणजे खासगी आणि सहकारी कारखान्यांतल्या कामगारांसाठी १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झालेली पेन्शन योजना. पगारातून पीएफ कापला जायचा तेव्हा मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के या पेन्शनच्या खात्यात जायचे. मात्र ते पूर्ण पगारावर नाही, तर सरकारने ठरवलेल्या कमाल पगारावर. ही मर्यादा आधी ६,५०० रुपये होती, १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. पगार तीस हजार असो की साठ, साधारणपणे हिशेब एवढ्यावरच.

सूत्र सोपं आहे: हा धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. मी १९९६ ला लागलो, २०२१ ला अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर सुटलो. २०१४ पर्यंतची अठरा वर्षं ६,५०० ने धरली, पुढची सात १५,००० ने. वीस वर्षं किंवा त्याहून जास्त नोकरी झाली की दोन वर्षं बोनस मिळतात. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आसपास पेन्शन बसलं.

सुटताना मिळालेल्या पैशातले नऊ लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. तेव्हा दर ७.४ टक्के होता. २०२३ च्या एप्रिलपासून तोच ८.२ झाला, पण खातं उघडतानाचा दर पाच वर्षं कायम राहतो, त्यामुळे माझं आपलं ७.४ च. तिमाहीला १६,६५० येतात, म्हणजे महिन्याला ५,५५०. पेन्शन धरून ९,०५०. दोन माणसं.

वहीतलं एका महिन्याचं पान जसंच्या तसं देतो. किराणा ३,२००. गॅस आणि वीज १,६००. दूध १,२००. भाजीपाला १,०००. औषधं ९००. पेट्रोल ४००. मोबाइल ३००. आहेर-पाहुणा ४५०. बेरीज ९,०५०. घरपट्टी पुण्याचा मुलगा भरतो. शिल्लक या रकान्यात बायकोने पेन्सिलीने एक छोटा गोल काढून ठेवला आहे.

हे पान लक्षात असू द्या. पुढचं सगळं याच पानावर येऊन पडणार आहे.

भाव चालतो, पेन्शन बसून राहतं

महागाई समजायला एक जुनी युक्ती आहे. ७२ ला महागाईच्या दराने भागा, तेवढ्या वर्षांत भाव दुप्पट होतात. ६ टक्के महागाई असेल तर बारा वर्षं. ४ टक्के असेल तर अठरा. रिझर्व्ह बँकेला सरकारने दिलेलं लक्ष्य ४ टक्क्यांचं आहे, दोन टक्के इकडेतिकडे चालतात. म्हणजे सगळं अगदी लक्ष्याप्रमाणे झालं तरी मी अठ्ठावन्नचा शहात्तर होईन तेव्हा माझे साडेतीन हजार पावणेदोन हजारांचं काम करतील.

शेजारचे गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांच्या पेन्शनवर महागाई भत्ता असतो, तो वर्षातून दोनदा भावाच्या निर्देशांकाकडे बघून हलतो. ईपीएसला असला भत्ता नाही. पहिल्या महिन्याला जो आकडा आला तोच शेवटच्या महिन्याला येणार. योजनेतलं किमान पेन्शन १,००० रुपये आहे, तेही २०१४ च्या सप्टेंबरात ठरलं. दरसाल ५ टक्के महागाई धरली तर तेव्हाच्या हजाराची किंमत आता पावणेसहाशेच्या जवळपास आली. किमान साडेसात हजार आणि वर महागाई भत्ता अशी पेन्शनरांची मागणी आहे, तिच्यामागे हा हिशेब आहे. म्हातारे हट्टाला पेटलेत असं काही लोकांना वाटतं, म्हणून सांगितलं.

पण नानांचा प्रश्न महागाईचा नव्हता, टक्केवारीचा होता.

टक्केवारी: चोरी दोनची, तोटा तीसचा

सरकारी काम म्हणजे कागदाचा लांब प्रवास. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश, मग प्रत्यक्ष काम, मग मोजमाप पुस्तिकेत नोंद (तिला सगळे 'एमबी' म्हणतात) आणि शेवटी बिल. जितक्या सह्या तितकी थांबण्याची ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी कागद पुढे सरकायला बिलाचा काही हिस्सा द्यावा लागला, तर त्या हिश्शाला टक्केवारी म्हणतात. सगळीकडे ती घेतात असं मी म्हणत नाही. सही करताना हात न पसरणारे इंजिनिअर मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या बदल्याही पाहिल्या आहेत.

आता उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते धरा. कॉलनीतला रस्ता दहा लाखांचा. पुरते पैसे रस्त्यात गेले तर तो पाच वर्षं टिकतो. म्हणजे वर्षाला दोन लाख. आता दहातले दोन लाख वाटेत गेले. ठेकेदार ते घरातून आणत नाही, आणि त्याला स्वतःचा नफाही हवा असतो. मग वीस मिलिमीटरचा डांबरी थर पंधराचा होतो, डांबर हात राखून पडतं, खालची खडी नीट दबत नाही. वरून बघितलं तर रस्ता काळाभोर. उद्घाटनाच्या फोटोत तर जास्तच काळा.

नाना म्हणतील, ठीक आहे, दोन लाख गेले, वीस टक्के रस्ता कमी झाला. इथेच सगळ्यांची गल्लत होते. भरीत करताना बाईने तेल थोडं हात राखून घातलं तर भरीत तेवढंच कमी खमंग लागतं, पोट भरतंच. डांबर असं वागत नाही. ते खडीला धरून ठेवतं आणि पाण्याला बाहेर ठेवतं. ते कमी पडलं की पहिल्या पावसात पाणी आत. त्यात आपली खानदेशची काळी जमीन! पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा थर पातळ असेल तर रस्ता तिच्याबरोबर फुटतो. पाच वर्षांचा रस्ता दोन वर्षांत उखडतो.

मग पुन्हा दहा लाख. दर दोन वर्षांनी दहा, म्हणजे वर्षाला पाच लाख. जिथे दोन लागायला हवे होते तिथे पाच. दहा वर्षांचा हिशेब केला तर चांगला रस्ता वीस लाखांत होतो, खाल्लेला पन्नास लाखांत. एका रस्त्यामागे खाल्ले दोन लाख, पण गावाचा दहा वर्षांत तोटा तीस लाखांचा. शिवाय प्रत्येक नव्या रस्त्याबरोबर नवी टक्केवारी. वाईट रस्ता हे एका अर्थी जास्त दूध देणारं जनावर आहे, म्हणून ते कोणी विकत नाही.

खो कोणाला मिळतो?

शाळेत खो-खो खेळलेले असाल. आठ गडी ओळीने बसलेले, एक पळतो, बसलेल्याच्या पाठीत थाप मारून "खो" म्हणतो आणि त्याच्या जागी बसतो. पळायचं काम पुढच्याचं.

वाढलेल्या खर्चाचं असंच होतं. खड्ड्यांमुळे ट्रकचे टायर आणि पाटे जातात. ट्रकवाला भाडं वाढवतो: खो. घाऊक व्यापारी ते पोत्यात मिळवतो: खो. किराणा दुकानदार किलोमागे रुपया-दोन रुपये चढवतो: खो. रिक्षावाला सीटमागे पाच वाढवतो. भाजीवाला छोटा हत्ती दुरुस्त करून आणतो आणि त्या दिवसापासून वांगी दहाने महाग. गुरुजींना भत्ता मिळतो, उशिरा का होईना. ज्याच्याकडे विकायला काही आहे किंवा ज्याची कमाई भावाबरोबर हलते, तो खो देऊन मोकळा होतो. मी खांबाजवळ शेवटचा बसलेलो. माझ्यापुढे कोणी नाही.

चुकलं, आणखी एक जण आहे. रावेर-यावलचा केळीवाला. तो खत, रोपं, ठिबकच्या नळ्या सगळं दुसऱ्याने ठरवलेल्या भावाने घेतो आणि केळीही दुसऱ्याने ठरवलेल्या भावाने देतो. बोर्डावर भाव एक लिहिलेला, हातात पडतो दुसराच. कापूसवाल्याच्या मापात कटती. त्यालाही खो देता येत नाही. तरी त्याला एखाद्या वर्षी भाव लागतो आणि मग ट्रॅक्टरला हार घातलेला दिसतो. पेन्शनरला तेवढीही आशा नाही. पण गत दोघांची एकच.

माझ्याच वहीतला एक प्रसंग. मागच्या पावसाळ्यात संध्याकाळी औषध आणायला गेलो. खड्ड्यात पाणी साचलेलं, खोली कळली नाही. पडलो नाही, पण स्कूटरचा पुढचा शॉकअप गेला. बिल १,८००. महिन्याची शिल्लक गोल शून्य, मग हे आणायचे कुठून? औषधाला हात लावता येत नाही. किराणा आधीच घासून घेतलेला. राहिलं दूध. तीन महिने रतीब अर्धा केला, महिन्याला सहाशे वाचले, शॉकअप फिटला. बायकोने चहा कोरा प्यायला आणि वर मला सांगितलं की तसाच बरा लागतो.

तो रस्ता कोणाच्या अखत्यारीत आणि ठेकेदार कोण ते इथे लिहीत नाही. पण नाना, आपलं काय जातं विचारलं होतं ना? रोजचं अर्धं दूध गेलं, तीन महिने.

"पण मी तर टॅक्सच भरत नाही"

हे पारावर मला दोघांनी ऐकवलं. इन्कम टॅक्स आम्ही भरत नाही हे खरं. पण साबण, बिस्किट, चप्पल, मोबाइलचा रिचार्ज या सगळ्यावर जीएसटी असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, डोक्याचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, ते चांगलं झालं, पण पाच तरी आहेतच. पेट्रोलवर केंद्राचा कर वेगळा, राज्याचा वेगळा. भिकाऱ्याने काडेपेटी घेतली तरी तो करदाता.

आणि कर खर्च करून टाकणाऱ्यालाच जास्त लागतो. लाख रुपये कमावणारा पन्नास हजार खर्चतो, बाकीच्यावर त्याला जीएसटी नाही. मी नऊ हजारांतले नऊ हजार खर्चतो.

"खातो, पण काम करतो"

आपल्याकडचं हे सगळ्यात गोड वाक्य. मीही म्हटलेलं आहे, एका पुढाऱ्याबद्दल, २५ वर्षांपूर्वी, याच शहरात.

मग घरकुलांचं बघू. जळगावच्या तेव्हाच्या नगरपालिकेने नव्वदीच्या दशकात गोरगरिबांसाठी घरकुलं बांधायला घेतली. त्यातल्या गैरव्यवहाराची फिर्याद २००६ मध्ये झाली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल आला ३१ ऑगस्ट २०१९ ला. ४८ जणांना शिक्षा सुनावली, त्यात माजी मंत्री होते, नगरसेवक होते. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. कोण किती दोषी हा न्यायालयाचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. मला तेरा हा आकडा दिसतो. फिर्यादीच्या दिवशी जो साठीचा होता तो पहिल्या निकालाला त्र्याहत्तरचा झाला, जगला असेल तर. ज्यांना घर मिळणार होतं ते भाड्याच्या खोलीत राहिले आणि अर्धवट इमारती उन्हापावसात उभ्या राहिल्या.

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही. हुडको म्हणजे घरबांधणीला कर्ज देणारी केंद्र सरकारची कंपनी. तिच्या कर्जाचा बोजा शहरावर होता आणि हप्ते महापालिका कितीतरी वर्षं फेडत राहिली. हप्त्याला गेलेला पैसा गटारीला, दिव्याला, रस्त्याला कमी पडतो. घरपट्टी मात्र सगळ्यांनी भरली, खाणाऱ्यानेही आणि कोरा चहा पिणारीनेही.

काम करतो म्हणजे नक्की काय करतो, हे एमबीतला थर आणि रस्त्यातला थर दोन्ही मोजल्याशिवाय कसं सांगणार?

इतके पैसे त्यांना लागतात तरी कशाला?

थोडक्यात सांगतो. निवडणूक आयोगाने विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाखांची खर्चमर्यादा घातली आहे, लोकसभेला ९५ लाखांची. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. गाड्या, मंडप, जेवणावळी बघणाऱ्या कोणालाही चाळीस लाख म्हणजे काय ते कळतं. हा पैसा कोणीतरी आधी पेरलेला असतो. कापसाचं बी पेरणारा जसा वेचणीची वाट बघतो, तसा तोही निविदांची वाट बघतो. कंपन्यांनी पक्षांना कोणाला न कळता पैसे देण्याची सोय म्हणजे निवडणूक रोखे. ते २०१८ मध्ये आले आणि सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवले, ते याच कारणाने: मतदाराला कळायला हवं की पेरणी कोणी केली.

आणि मतदानाच्या आदल्या रात्री आपल्याही दारात पाकीट येतं. घेणाऱ्याला वाटतं, चला, आलेच परत थोडे. पाचशेचं पाकीट धरलं तर माझ्या एका शॉकअपला अशी साडेतीनहून जास्त पाकिटं लागतात.

जास्त व्याजाचा मोह

जुळवाजुळव करणाऱ्या माणसाला आणखी एका वाटेने गाठतात, ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. नऊ लाखांवर ७.४ टक्के घेताना मला एकाने पतसंस्थेचे बारा टक्के दाखवले होते. महिन्याला साडेतीन हजार जास्त! अख्खं दुसरं पेन्शन. बायको म्हणाली, "बारा टक्के देणारा स्वतः किती कमावत असेल?" मी दोन रात्री कूस बदलत काढल्या आणि पोस्टात गेलो.

फरक समजून घ्या. बँकेत, सहकारी बँकेतही, ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा पाच लाख आहे, आधी एक लाख होती. बँक बुडाली तरी तेवढे येतात. पतसंस्था ही बँक नव्हे. पाटी सारखी, काउंटर सारखं, पासबुकसुद्धा सारखं, पण तो विमा तिथल्या ठेवीला लागू नाही. आपल्या भागात संचालकांनी आपल्याच माणसांना कर्जं वाटली, ती थकली आणि ठेवीदार पावत्या घेऊन रांगेत उभे राहिले, हे अनेक गावांनी पाहिलं आहे. आमच्या पारावरच्या एकाने मुलीच्या लग्नाची रक्कम अशी अडकवली. पुढे ठेवपावती अर्ध्याहून कमी किमतीत विकली. ती घेणाराही गावातलाच होता, पण ते जाऊ द्या.

चांगल्या पतसंस्था आहेत, मी नाकारत नाही. पण ज्याला दुसऱ्यांदा कमवायला वेळ नाही त्याने मुद्दल आधी बघावं, व्याज नंतर.

"काटकसर केली की भागतं की"

भागतं, आणि आम्ही करतोही. चैत्र-वैशाखात वर्षाचे गहू आणि दादर ज्वारी एकदम भरतो, सुगीत भाव पडलेला असतो. गव्हाला एरंडेलाचा हात लावला की वर्षभर किडा लागत नाही. जळगावचं ऊन पंचेचाळीसला जातं, त्या उन्हात बिबड्या आणि कुरडया दोन दिवसांत खडखडीत. औषधं जनऔषधी दुकानातून. त्याच घटकाची गोळी तिथे बरीच स्वस्त पडते, फक्त डॉक्टरांकडून घटकाचं नाव लिहून घ्यायचं. एसटीत बायकोला २०२३ पासून अर्धं तिकीट, मला पासष्टपर्यंत पूर्ण. पंच्याहत्तरीनंतर फुकट. त्यामुळे बँकेची, लग्नकार्याची सगळी लांबची कामं हल्ली तीच करते आणि मी घरी भाकरी थापायला शिकलो आहे. कळण्याची अजून जमत नाही, तव्यावर तुटते.

पण हिशेब बघा. वर्षाचे गहू एकदम भरून आमचे साधारण आठशे वाचतात. गोळ्या बदलून महिन्याला दोनशे, म्हणजे वर्षाचे चोवीसशे. एकूण बत्तीसशे. एका खड्ड्याने त्यातले अठराशे नेले. काटकसरीने वाचवलेल्या पैशाची पहिली वसुली कोण करतो हे मला त्या दिवशी कळलं.

"या वयात आपण काय करणार?"

आधी कबुली. दोन वर्षांपूर्वी एका दाखल्यासाठी मी दोनशे रुपये दिले. मागणाऱ्याने मागितलेही नाहीत, "साहेब दौऱ्यावर आहेत" एवढंच तिसऱ्यांदा म्हटलं. उन्हात चौथी खेप नको म्हणून दिले. नंतर वाचनात आलं की २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवायचं, तरच सुटका. माझे सात दिवस केव्हाच उलटले होते. देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन केला असता तर ते सापळा लावतात, म्हणजे खुणा केलेल्या नोटा देऊन घेणाऱ्याला घेतानाच पकडतात. दोनशेसाठी कोण फोन करतो, असं मला वाटलं. सगळ्यांनाच तसं वाटतं आणि दोनशेचा भाव ठरून जातो.

दाखल्यांसाठी लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा हे कार्यालयात लिहून लावावं लागतं. मुदत उलटली तर अपील, आणि विनाकारण अडवणाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड. फक्त अर्जाची पोच घ्यायची. तोंडी मागणीची मुदत कधीच सुरू होत नाही.

आणि रस्त्यासाठी माहितीचा अधिकार. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केंद्राच्या आधीच केला होता, देशभरचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत अर्ज, तीस दिवसांत उत्तर. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. "रस्ता खराब का?" असं विचारायचं नाही, त्याला "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येतं. कागद मागायचा. मी तीनच गोष्टी मागितल्या: कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि दोष दायित्व कालावधी. हा शेवटचा शब्द अवघड आहे पण कामाचा आहे. रस्ता झाल्यावर ठरावीक काळात उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, त्या काळाला हे नाव. लोकांना तो माहीत नसतो, आणि तो मुकाट्याने संपतो.

उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. कालावधीचे सात महिने शिल्लक होते. मी पानं घेऊन पारावर गेलो. नानांनी चष्मा पुसून मोजमापाचा रकाना दोनदा वाचला आणि काठीचं टोक खड्ड्याच्या कडेला लावून बराच वेळ थर बघत बसले. मग म्हणाले, "पट्टी आनी काय घरून?" मी आणली. आम्ही दोघांनी चार ठिकाणी मोजलं. गुरुजींनी आकडे लिहून घेतले, अक्षर त्यांचं चांगलं आहे. दुरुस्तीचा अर्ज आम्ही सहा जणांच्या सहीने दिला आणि पोच घेतली. खड्ड्यात सध्या मुरूम पडला आहे, डांबर अजून नाही.

कोर्ट फी तिकीट दहा, झेरॉक्स चौदा, प्रतींचे सोळा. चाळीस रुपये झाले. वहीत ते 'दुरुस्ती' या रकान्यात लिहिले, शॉकअपच्या अठराशेच्या खालच्या ओळीत.